स्वतःचा लेथ टाकण्याआधी तासाचा दर काढा

मी सात वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका कंपनीत टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातणारा, होतो. मग तीन वर्षं एका खाजगी आयटीआयत शिकवलं आणि २०१९च्या दसऱ्याला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, भाड्याच्या गाळ्यात स्वतःचा लेथ पुजला. तेव्हाची मुलं आता विचारायला येतात, "सर, कंपनी सोडू का?" मी म्हणतो, कागद-पेन घे, आधी तुझ्या मशीनचा तासाचा दर काढू. हा दर न काढता काम घेतल्यामुळे माझं पहिलं वर्ष फार जड गेलं. म्हणून ते सगळं इथे मांडतोय.

माझे त्या वेळचे महिन्याचे आकडे असे होते. गाळ्याचं भाडं ७,०००. राजकोटचा जुना सहा फुटी लेथ घेतला होता, त्याचा हप्ता ४,६००. लाइट बिल ३,५००. टूल बिट, इन्सर्ट, कूलंट, ऑइल मिळून ३,०००. दुरुस्तीसाठी बाजूला १,५००. आणि माझा पगार २२,०००. हा शेवटचा आकडा पोरं हमखास विसरतात. "उरेल ते माझं" म्हणतात. उरत काही नाही. घरचा किराणा आणि मुलांची फी ज्यातून जाते तो पगार खर्चातच धरा. एकूण झाले ४१,६००.

आता याला कितीने भागायचं? मी भागलं २०८ने, म्हणजे २६ दिवस गुणिले आठ तास. दर आला तासाला २०० रुपये आणि त्याच दराने मी कामं घेत सुटलो. एका पार्टीचे, म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाइकाचे, बुश (नळीसारखे पोकळ भाग) होते, एका पीसला तीन मिनिटं. तासाला वीस पीस, म्हणजे पीसला दहा रुपये. दिवसभर मशीन फिरायचं, रात्री नऊ-नऊपर्यंत थांबायचो, आणि महिनाअखेर भाड्यालाच पैसे कमी पडायचे.

शेजारच्या गाळ्यातले मामा चाळीस वर्षं याच धंद्यात. त्यांनी एकदा माझी वही बघितली आणि म्हणाले, "पोरा, गाळा उघडा आसतोय तेवढं तास मोजू नगंस. कटिंग चालू आसतंय तेवढंच मोज."

मग महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहिलं, आज प्रत्यक्ष कटिंग किती तास झालं. टेम्पोतून माल आणणं, सेटिंग, टूलला धार लावणं, लाइट जाणं, पार्टीकडे चकरा, बिलं करणं हे सगळं वजा जाता हातात राहिले १३० तास. ४१,६०० भागिले १३० म्हणजे ३२० रुपये. तोच बुश दहाचा नव्हता, सोळाचा होता. प्रत्येक पीसमागे सहा रुपये मी माझ्या घरातून देत होतो. तुम्ही अजून कंपनीत असाल तर ओळखीच्या एखाद्या गाळ्यात सुट्टीच्या चार दिवशी जाऊन बसा आणि घड्याळ लावून हेच मोजा.

नोकरी सोडायची तारीख पैशांकडे बघून ठरवा. ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षांची सलग सेवा लागते. पाचव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असाल तर थोडं थांबा. माझं बेसिक १३,००० होतं. त्याचे दर वर्षामागे पंधरा दिवसांचे, महिन्याला सव्वीसने भागून, ७,५०० आणि सात वर्षांचे ५२,५०० मिळाले. ते मी बँकेत ठेवून दिले. गाळा सुरू होऊन सहा महिने व्हायच्या आत, २५ मार्च २०२०ला लॉकडाउन लागला, तेव्हा घर त्याच पैशांवर चाललं. पीएफ मात्र काढू नका. मी कंपनीचा पीएफ आयटीआयच्या खात्यात वर्ग करून घेतला होता. सात आणि तीन मिळून दहा वर्षं भरली आणि तेवढ्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा हक्क राहिला. मधेच काढला असता तर तो गेला असता.

आयटीआयतल्या तीन वर्षांकडे पुष्कळजण "तेवढी वर्षं वाया गेली" अशा नजरेने बघतात. मला ते अजिबात पटत नाही. कंपनीत हाताला येत होतं, पण तोंडाने सांगता येत नव्हतं. मुलांना व्हर्नियर शिकवताना पहिल्यांदा लक्षात आलं की माप घेण्याआधी जबडे बंद करून शून्य जुळतंय का हे मी आपोआप बघतो आणि कुणाला ते सांगतच नाही. तेव्हापासून प्रत्येक जॉबची सेटिंग वहीत लिहायची सवय लागली: कोणतं टूल, किती आरपीएम, किती फीड, कुठलं माप कधी तपासायचं. गाळ्यात पहिला मुलगा कामाला ठेवला तेव्हा ही वही त्याच्या हातात दिली आणि आठवड्यात तो बुश एकट्याने काढायला लागला. तुम्ही आता जी नोकरी करताय तिथेच ही वही सुरू करा. फक्त ड्रॉइंग कंपनीचं असतं, ते उतरवून घ्यायचं नाही. आपल्या हाताची पद्धत तेवढी लिहायची.

पार्टी निवडताना दराइतकंच चलन, म्हणजे मालासोबत येणारा कागद, बघा. कोल्हापुरात काम बरंचसं फाउंड्रीच्या (धातू वितळवून ओतणाऱ्या कारखान्याच्या) मालाचं. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, वरून स्वच्छ दिसतं, दोन कट घेतले की आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघतो. एकदा ३०० कास्टिंगमधले ४१ असे निघाले. पार्टीने त्यांची मशीनिंगची मजुरी कापलीच, वर कास्टिंगची किंमतही माझ्या बिलातून कापली. दोष धातूचा, भुर्दंड माझ्यावर. मी भांडलो, पण हातात लेखी काहीच नव्हतं. आता काम घेतानाच लिहून घेतो: मटेरियलचा दोष निघाला तर पीस परत जाईल आणि तोवर झालेल्या कामाची मजुरी मिळेल. पहिला पीस पार्टीला दाखवून सही घेतो, मगच लॉट लावतो. एवढं लिहून द्यायला जी पार्टी कां-कूं करते, तिचं काम मी घेत नाही. आलेला माल चलनासकट वेगळा ठेवा. जीएसटीच्या नियमाने जॉबवर्कला (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने करायच्या कामाला) आलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत जायला हवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्याच आठवड्यात करा. ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. नंबर प्रत्येक बिलावर छापा. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार असला तरी पैसे द्यायला पार्टीला ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही आणि करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही न दिलेले पैसे पार्टीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाहीत, असा आयकराचा नियम आकारणी वर्ष २०२४-२५पासून आल्यावर मार्चमध्ये पार्ट्यांचे अकाउंटंट स्वतःहून फोन करायला लागले. तोवर मीच त्यांच्या दारात बसायचो.

तासाचा हा दर मी वर्षातून एकदा नव्याने काढतो. भाडं, लाइट, कामावरच्या मुलाचा पगार, सगळं वाढतं. यंदा हिशेब ४६०वर आला. पाच पार्ट्यांना आकडेमोडीसकट पत्र पाठवलं. तिघांनी मान्य केलं, एकीशी ४४०वर जुळलं, एकीने काम दुसऱ्या गाळ्यात नेलं. ती सर्वात जुनी होती, त्यामुळे दोन दिवस चैन पडलं नाही. आता त्या वेळेत शेतीपंपांचे शाफ्ट आणि उसाच्या ट्रॉलीच्या पिना येतात. काम थोडं असतं, पण शेतकरी माल उचलतानाच पैसे मोजून देतो.