घरच्या भट्टीचं टेम्परेचर मोजताय? मग या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून एक सुरी बनवली. मीटरवर ८३० डिग्री सेल्सिअस दिसलं तेव्हा तेलात पाणी दिलं (म्हणजे लालभडक सुरी तेलात बुडवून कडक केली), नंतर ओव्हनमध्ये टेम्परिंगही (परत हलकं तापवून ठिसूळपणा कमी करणं) व्यवस्थित केलं, आणि दुसऱ्या दिवशी ती ओट्यावरून लादीवर पडली तर कटकन दोन तुकडे. तुटलेली जागा बघितली तर रव्यासारखा जाड दाणा, जिथे बारीक राखाडी, मऊ दिसायला हवं होतं. म्हणजे पोलाद ८३० च्या खूप वर गेलेलं आणि मीटर कमी दाखवत होता. खूप वाईट वाटलं, चार रविवार गेले होते त्यात.

चूक थर्मोकपलची होती, म्हणजे भट्टीत घालून मीटरला जोडतो त्या दोन तारांच्या सेन्सरची. आपण सगळे के टाईप वापरतो, एक तार क्रोमेलची, एक अल्युमेलची (दोन्ही निकेलचे मिश्रधातू). तापलेल्या पोलादावर पपडी (ऑक्साइडचा थर) कमी धरावी म्हणून आपण गॅस जास्त आणि हवा कमी ठेवतो ना, तिथेच गडबड होते. ऑक्सिजन कमी असला की साधारण ८०० ते १०५० डिग्रीच्या पट्ट्यात क्रोमेलमधलं क्रोमियम तेवढं ऑक्सिडाइज होतं, तार आतून हिरवट पडते आणि आकडा हळूहळू खाली सरकत जातो, कळतही नाही. तपासायचं असेल तर लोहचुंबक घ्या. चांगली क्रोमेल चुंबकाला चिकटत नाही, चिकटली तर ती तार गेली. (अल्युमेल थंड असताना चिकटतेच, त्यावरून निगेटिव्ह तार कुठली तेही कळतं.) आणि अशी गॅस जास्त असलेली भट्टी कार्बन मोनॉक्साइड सोडते, म्हणून बाहेर कितीही पाऊस असू दे, शटर बंद करून भट्टी लावू नका, प्लीज.

वायरिंगच्या चुका तर कॉमन आहेत. अमेरिकन कलर कोडमध्ये लाल म्हणजे निगेटिव्ह, त्यामुळे लाइटची कामं करणारा माणूस हमखास उलटं जोडतो, मग भट्टी तापते आणि आकडा खाली जातो. वायर कमी पडली म्हणून मुंबईच्या लोहार चाळीतून (इलेक्ट्रिकच्या सामानाचं मार्केट) साधी तांब्याची वायर आणून जोडू नका, थर्मोकपलचं डोकं (भट्टीबाहेर जिथे वायर जोडतो तो भाग) ७० डिग्रीला आणि मीटर ३० ला असेल तर आकडा साधारण ४० ने कमी येतो. के टाईपचीच वायर मागा. जोडून झालं की उकळत्या पाण्यात टोक बुडवा, मुंबई समुद्राला लागून आहे म्हणून १०० च्या आसपासच यायला हवं. पण यातून फक्त जोडणी बरोबर आहे की नाही कळतं, वर ८०० ला काय होतंय ते नाही.

टोक बर्नरच्या ज्वाळेत नको, भिंतीला टेकलेलं पण नको, जिथे पोलाद ठेवता त्याच्या शेजारी ठेवा. फोर्ज वेल्डिंगच्या (पोलादाचे तुकडे खूप तापवून ठोकून जोडणं) आधी बाहेर काढा, १२५० च्या वर के टाईप टिकत नाही. स्वस्तातली इन्फ्रारेड गन तर विसराच, बऱ्याचशा ५५० पर्यंतच जातात.

आता मी पाणी देताना मीटर बघतो पण विश्वास चुंबकावर ठेवतो. साधारण ७७० ला पोलाद चुंबकाला सोडतं. त्या क्षणी मीटर ७३० दाखवत असेल तर ४० चा फरक आहे हे तिथेच कळतं, तेवढे धरून पुढे पाट्यासाठी ८३०-८४० पर्यंत नेतो. हे संध्याकाळी दिवा बंद करून करा, कारण दुपारच्या उजेडात लाल रंग आहे त्यापेक्षा फिका दिसतो आणि हात आपोआप गॅस वाढवतो.