कोल्हापुरातून वाईन उद्योगात कारकीर्द कशी उभारावी

वाईन उद्योगात काम करायचे आहे असे कोल्हापुरातील एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने घरी सांगितले, तर आधी शांतता पसरते आणि मग कोणीतरी मुंबईतल्या महागड्या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक शोधून काढतो. माझा आग्रह असा आहे की त्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी एका वायनरीत द्राक्षतोडणीचा एक संपूर्ण हंगाम काम करावे. या उद्योगात द्राक्षमळा, उत्पादन आणि सेवा-विक्री अशा तीन वेगवेगळ्या वाटा आहेत. त्यांना लागणारे शिक्षण, स्वभाव आणि शरीरकष्ट इतके भिन्न आहेत की प्रत्यक्ष काम पाहिल्याशिवाय निवड करणे म्हणजे पुढची काही वर्षे अंदाजावर सोपवणे होय.

द्राक्षमळ्याची वाट कोल्हापूरकरांना सर्वांत जवळची आहे. कोल्हापूर जिल्हा उसाचा असला, तरी शेजारच्या सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, पलूस या भागांत द्राक्षशेतीची मोठी परंपरा आहे. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले, तेव्हा नाशिकजवळच्या विंचूरबरोबर पलूसलाही वाईन पार्क उभारण्यात आले. नाशिकने पुढे फार मोठी मजल मारली आणि पलूस मागे राहिले, परंतु वेलीचे शिक्षण घेण्यासाठी सांगलीचे बागायतदार आजही उत्तम गुरू आहेत. एप्रिलमधील खरड छाटणी, त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणी, पावसाळी हवेत येणारा केवडा आणि थंडीत पसरणारी भुरी हे बुरशीजन्य रोग यांचे ज्ञान खाण्याच्या आणि वाईनच्या, दोन्ही द्राक्षांना लागू पडते. फरक उद्दिष्टात आहे. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, पातळ सालीचा आणि बिनबियांचा असावा लागतो. वाईनचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो, कारण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा प्रामुख्याने सालीतून येतो. म्हणूनच घड भरघोस यावा यासाठी झटणाऱ्या बागायतदाराला वाईनसाठी उत्पादन मुद्दाम मर्यादित ठेवणे सुरुवातीला पटत नाही, आणि त्याला ते पटवून देणे हेच वायनरीच्या मळा-व्यवस्थापकाचे मुख्य काम असते.

या वाटेने जाणाऱ्याने कोल्हापूरच्या शासकीय कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली, तर ती पुरेशी पायाभूत आहे. पुण्याजवळील मांजरी येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि तेथील प्रशिक्षणे व प्रकाशने नियमित पाहावीत. मात्र घरची जमीन आहे म्हणून लगेच वाईनची द्राक्षे लावू नयेत. २००८ नंतरच्या मंदीत वायनऱ्यांची खरेदी आटली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. खाण्याचे द्राक्ष बाजारात कोणालाही विकता येते, पण वाईनच्या द्राक्षाला वायनरीखेरीज गिऱ्हाईक जवळपास नसते. त्यामुळे द्राक्षाची जात, दर, साखरेचे प्रमाण आणि पैसे देण्याची मुदत यांचा लेखी करार हाती आल्याशिवाय एकही रोप लावू नये.

उत्पादनाच्या वाटेसाठी कोल्हापूरकडे एक बलस्थान आहे, ज्याची फारशी चर्चा होत नाही. या पट्ट्यातील अनेक साखर कारखान्यांना जोडून आसवनी (मळीपासून मद्यार्क तयार करणारे) प्रकल्प आहेत, आणि तेथे काम करणाऱ्या रसायनतज्ज्ञांना यीस्ट, किण्वन (आंबवण्याची प्रक्रिया), तापमाननियंत्रण आणि उत्पादन शुल्क विभागाच्या नोंदवह्या या सर्वांची सवय असते. उसाची पक्वता तपासण्यासाठी वापरला जाणारा हातातील रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातील साखर मोजणारे उपकरण, द्राक्षमळ्यातही तितकेच उपयोगी पडते. ज्याने मळीचे किण्वन सांभाळले आहे, त्याला वायनरीत नव्याने शिकावी लागते ती सावकाशी. मळीचे काम एक-दोन दिवसांत आटोपते. पांढऱ्या वाईनचा रस मात्र साधारण १२ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाला दोन-तीन आठवडे संथपणे आंबवला जातो, कारण तापमान वाढले की फळाचा सुगंध उडून जातो. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा अन्न तंत्रज्ञान यांपैकी कोणतीही पदवी या वाटेला चालते, आणि हे विषय शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत उत्तम शिकवले जातात. त्यापुढे वाईन आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे विशेष शिक्षण मांजरीच्याच वसंतदादा साखर संस्थेत घेता येते. परदेशी शिकण्याची ऐपत किंवा शिष्यवृत्ती असल्यास ऑस्ट्रेलियातील ॲडलेड, कॅलिफोर्नियातील डेव्हिस, फ्रान्समधील माँपेलिए आणि जर्मनीतील गाइझेनहाइम ही या विषयातील नावाजलेली ठिकाणे आहेत.

आता हंगामाविषयी सविस्तर लिहितो, कारण कारकिर्दीचा खरा पाया तेथे घातला जातो. महाराष्ट्रात वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते, आणि या तीन महिन्यांत प्रत्येक वायनरीला जादा माणसे हवी असतात. अर्ज मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पाठवावा. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड आणि गंगापूर धरणाच्या परिसरात वायनऱ्या मोठ्या संख्येने आहेत. कोल्हापूरहून त्याहून जवळ सोलापूर जिल्ह्यातील अकलूज आहे, जेथे मोहिते-पाटील कुटुंबाने इटालियन भागीदारांसह फ्रातेल्ली ही वायनरी उभारली. अर्ज एका पानाचा असावा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत पूर्णवेळ उपलब्ध आहात, प्रयोगशाळेचा कोणता अनुभव आहे, ओझे उचलण्याची आणि रात्रपाळीची तयारी आहे का, दुचाकी चालवता येते का, एवढे स्पष्ट लिहावे. वाईनवरील प्रेमाची वर्णने टाळावीत, कारण हंगामाच्या तोंडावर वायनरीला भरवशाचे मनुष्यबळ हवे असते.

तेथे गेल्यावर काम काय असते, याची कल्पना आधीच असावी. उन्हे चढण्यापूर्वी तोडलेले घड क्रेटमधून येतात. त्यांची निवड होते, देठ वेगळे केले जातात आणि रस, लाल वाईनसाठी सालींसह, टाकीत जातो. लाल वाईनच्या टाकीत साली वर तरंगून जाड थर तयार होतो, आणि तो दिवसातून अनेक वेळा खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपाने त्यावर सोडावा लागतो. रोज सकाळी प्रत्येक टाकीचे तापमान आणि रसाची घनता मोजून फलकावर लिहायची असते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होते, हा हिशेब एकदा डोक्यात बसला की घनतेच्या आकड्यांवरून टाकीची प्रकृती वाचता येऊ लागते. उरलेला बहुतेक वेळ धुण्यात जातो: नळ्या, पंप, टाक्या, फरशी. नवख्यांना हे काम कमी प्रतीचे वाटते, पण वायनरीतील वरिष्ठ माणसाची पारख येथेच करतात, कारण एका अस्वच्छ नळीतून शिरलेले जंतू हजारो लिटर वाईनचे व्हिनेगर करू शकतात. सुरक्षिततेचा एक नियम कधीही मोडू नये. किण्वनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने टाकीत साचून राहतो, आणि तपासणी न करता टाकीत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडून दगावू शकतो. कोणी घाई केली तरी वायुमापक यंत्राने तपासल्याशिवाय आणि बाहेर सोबती उभा असल्याशिवाय आत उतरू नये.

हा हंगाम नीट पार पडला, तर पुढचे दार आपोआप दिसू लागते. युरोपात आणि कॅलिफोर्नियात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, त्यामुळे एकाच वर्षात नाशिकचा आणि तिकडचा असे दोन हंगाम करता येतात. जगभरातील वाईनतज्ज्ञांनी आपला अनुभव असाच वाढवला आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून १८ ते ३० वयोगटातील भारतीयांसाठी सोडत पद्धतीने वर्षाला १,००० ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा देणे सुरू केले. तेथील तोडणीचा काळ मात्र आपल्या हंगामाशी बराचसा जुळत असल्याने दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.

प्रमाणपत्रांचा क्रम यानंतर येतो. लंडनच्या वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टचे, म्हणजे डब्ल्यूएसईटीचे, चार स्तर जगभर मान्य आहेत. पहिला स्तर एका दिवसाचा आहे आणि त्याची परीक्षा ३० बहुपर्यायी प्रश्नांची असते. दुसऱ्यात असे ५० प्रश्न असतात. तिसऱ्यात लेखी उत्तरांबरोबर नाव झाकलेल्या वाईन चाखून त्यांचे वर्णन करावे लागते, आणि चौथा स्तर पदविकेचा आहे. ज्याने हंगाम केला आहे त्याने पहिला स्तर सोडून थेट दुसऱ्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. हॉटेलातील वाईनसेवेकडे, म्हणजे सोमेलियेच्या कामाकडे, ज्यांचा ओढा आहे त्यांनी कोर्ट ऑफ मास्टर सोमेलिये या संस्थेच्या परीक्षांचा विचार करावा. सर्वांत वरचा ‘मास्टर ऑफ वाईन’ हा किताब २०१६ मध्ये सोनल हॉलंड यांनी मिळवला, आणि तो मिळवणाऱ्या भारतात राहणाऱ्या त्या पहिल्या व्यक्ती ठरल्या.

चव आणि गंध ओळखण्याचा सराव घरच्या घरी, वाईनशिवायही करता येतो, आणि तो रोज करावा. पाण्याच्या तीन पेल्यांत लिंबूसत कमी-अधिक प्रमाणात घालून आंबटपणाचा चढता क्रम डोळे मिटून लावावा. बिनदुधाचा कडक चहा हिरड्यांवर जो कोरडेपणा आणतो, तोच लाल वाईनमधील टॅनिन या तुरट घटकाचा परिणाम असतो. कोल्हापूरच्या मसाल्याच्या बाजारात मिळणारे जिन्नस छोट्या बाटल्यांत भरून घरच्यांकडून एकेक हुंगायला घ्यावेत. शिराझ या लाल द्राक्षाच्या वाईनमध्ये काळ्या मिरीचा, ओकच्या पिंपात मुरलेल्या वाईनमध्ये लवंगेचा, सोव्हिनियाँ ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाच्या वाईनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि पेरूचा वास येतो, तेव्हा ही ओळख कामी येते. तसेच दोषही शिकावेत: बुरशीने बिघडलेल्या बुचाचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास, व्हिनेगरचा झणका, सडक्या अंड्याचा दर्प. महाराष्ट्रात वाईन पिण्याचे कायदेशीर वय २१ वर्षे आहे, म्हणून त्याहून लहान विद्यार्थ्यांनी एवढ्याच सरावावर थांबावे. मोठ्यांनीही व्यावसायिक चाचणीत वाईन तोंडात घोळवून थुंकण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी. घरच्यांना हीच गोष्ट शांतपणे सांगावी. दिवसाला डझनभर नमुने तपासणारा माणूस ते प्यायला लागला, तर त्याची जीभ आणि नोकरी दोन्ही टिकत नाहीत. मद्याच्या व्यसनाने घरे उद्ध्वस्त झालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत, त्यामुळे आईवडिलांची भीती रास्त आहे. तिची थट्टा न करता त्यांना एकदा मळा आणि प्रयोगशाळा दाखवून आणावे.

सेवा आणि विक्रीची वाट धरणाऱ्याला कोल्हापुरातच शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एप्रिलमध्ये येथे पारा ३५ अंशांच्या पुढे जातो, आणि दुकानाच्या दर्शनी फळीवर उभ्या ठेवलेल्या बाटल्या त्या उष्णतेत अक्षरशः शिजतात. लाल वाईन घरातल्या तापमानाला द्यावी हा थंड देशांतला सल्ला येथे लागू पडत नाही. भारदस्त लाल वाईन १५ ते १८ अंशांवर आणि हलकी पांढरी ७ ते १० अंशांवर द्यावी, आणि त्यासाठी लालसुद्धा थोडा वेळ शीतकपाटात ठेवावी लागते. जो विक्री प्रतिनिधी एफएल-२ परवान्याच्या, म्हणजे मद्याच्या किरकोळ विक्रीच्या, दुकानदाराला बाटल्या आडव्या, सावलीत आणि थंड जागी ठेवायला राजी करतो, तो तक्रारी कमी करतो आणि पुढची मागणीही मिळवतो.

जेवणाशी जोडी लावण्यात तर कोल्हापूर ही अवघड आणि म्हणूनच उत्तम शाळा आहे. तांबड्या रश्श्याच्या तिखटाबरोबर जास्त अल्कोहोलची, तुरट लाल वाईन दिली की तिखट अधिक भडकते आणि वाईन कडू लागते. किंचित गोडसर शेनाँ ब्लाँ ही पांढरी वाईन किंवा थंड रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, तेथे बरी पडते. पांढऱ्या रश्श्यातील नारळ आणि खसखशीच्या स्निग्धपणाला मात्र आंबटसर, कोरडी पांढरी वाईन साथ देते. अशा जोड्या स्वतः करून पाहून वहीत नोंदवणारा उमेदवार गोव्यातील किंवा पुण्यातील हॉटेलच्या मुलाखतीत पाठ केलेली फ्रेंच नावे सांगणाऱ्यापेक्षा उठून दिसतो.

या वाटेवर कायद्याचे ज्ञान अनिवार्य आहे. परवाने, वाहतूक पास आणि साठ्याच्या नोंदी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियमांनी बांधलेल्या आहेत, प्रत्येक राज्यात कर आणि नियम वेगळे आहेत, आणि मद्याच्या थेट जाहिरातीला बंदी आहे, त्यामुळे विपणनाचे काम चाचणीसत्रे, वायनरी-पर्यटन आणि हॉटेलांशी असलेल्या संबंधांवर चालते. शासनाची धोरणेही बदलत राहतात. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, पण तीव्र विरोधानंतर तो अमलात आला नाही. विक्रीत उतरणाऱ्याने म्हणून घोषणांवर विसंबून गुंतवणूक करू नये, आणि अधिसूचना स्वतः वाचण्याची सवय लावून घ्यावी.