क्रूझला निघालाय आणि सोबत कोणीतरी सिगरेट ओढणारं आहे? मग एवढं आधीच करून ठेवा

आमच्याकडे दादा ओढतो आणि माझ्या मुलीला दमा आहे, म्हणजे दोन्ही बाजू एकाच टेबलावर जेवायला बसतात, त्यामुळे ही तयारी मी फार मनापासून करते.

सगळ्यात आधी, म्हणजे पैसे भरायच्याही आधी, त्या क्रूझ कंपनीचे स्मोकिंगचे नियम स्वतः वाचा. एजंट काय म्हणाला त्यावर जाऊ नका. कारण बहुतेकांना वाटतं की बाल्कनीवाली केबिन घेतली की प्रश्नच मिटला, बाहेर उभं राहून ओढू. तर तसं नाहीये, बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी केबिन आणि बाल्कनी दोन्हीकडे बंदी घातलीये, रॉयल कॅरिबियनवर सापडलात तर २५० डॉलर, कार्निव्हलवर ५०० डॉलर तुमच्या बिलात लागू शकतात. व्हेपलाही (म्हणजे बॅटरीवरच्या ई-सिगरेटला) केबिनमध्ये सहसा सूट नसते.

हा नियम उगाच नाही केलेला, आणि हे ओढणाऱ्याला घरीच नीट सांगा. २३ मार्च २००६ ला पहाटे स्टार प्रिन्सेस जहाज जमैकाकडे जात असताना एका बाल्कनीत आग लागली, कारण बहुधा नीट न विझवलेली सिगरेट, असं तपासात पुढे आलं. बाल्कनीतली पार्टिशन्स आणि फर्निचर प्लास्टिकचं, वर समुद्राचा वारा, आणि बाल्कनीत स्प्रिंकलर (आग विझवणारे पाण्याचे फवारे) नव्हते. आग भराभर वरच्या डेकवर चढली आणि धुरामुळे एक प्रवासी गेला. म्हणून थोटूक कठड्यावरून खाली टाकणं तर अजिबातच नको, वाऱ्याने ते परत खालच्या बाल्कनीत येतं, आणि समुद्रात पडलं तरी फिल्टर हे प्लास्टिकच असतं.

केबिन निवडताना डेक प्लॅन (जहाजाच्या मजल्यांचा नकाशा) उघडून स्मोकिंग एरिया कुठे आहे ते बघा. जहाज पुढे जातं तेव्हा धूर मागे जातो, त्यामुळे दमा असलेल्यासाठी त्या जागेच्या मागची किंवा कॅसिनोजवळची केबिन नको, काही जहाजांवर कॅसिनोत अजून ओढायला परवानगी असते.

आता ओढणाऱ्याची तयारी, आणि घरातले लोक नेमकं हेच विसरतात. 'चार दिवस ओढू नकोस' म्हणून भागत नाही हो, शरीराला निकोटिनची सवय असते, मग चिडचिड होते आणि सगळ्यांची ट्रिप जाते. डॉक्टरांना विचारून निकोटिन गम किंवा पॅच (अंगावर चिकटवायची पट्टी) घ्या आणि निघायच्या आधी घरीच वापरून बघा. गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतो, उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल तर साधारण ४ चा देतात. तो साध्या च्युइंगमसारखा सतत चघळायचा नाही, थोडा चावून झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, आणि चहा-कॉफीनंतर लगेच घ्यायचा नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. दादाला हे कळलं तेव्हा कुठे त्याला गमचा उपयोग व्हायला लागला!

जहाजापर्यंत विमानाने जाणार असाल तर व्हेप चेक-इन बॅगेत टाकू नका, बॅटरीमुळे तो बहुतेक देशांत हातातल्या बॅगेतच लागतो. पण भारतातून विमान असेल तर कुठल्याच बॅगेत चालत नाही, आणि रूटमध्ये सिंगापूर असेल तरी घरीच ठेवा, सिंगापूरला व्हेप नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. बंदरांचे नियम एकेक करून बघून घ्या: मेक्सिकोत २०२३ पासून बीच आणि हॉटेलांसकट सार्वजनिक जागी सिगरेट ओढायला बंदी आहे, बार्सिलोनाच्या बीचवर २०२२ पासून, फ्रान्समध्ये जून २०२५ च्या अखेरीपासून बीच, बागा आणि बसस्टॉपवर. उघड्यावर चालतं, हे आता विसरा.

जहाजावर चढल्या चढल्या ओढणाऱ्याला घेऊन स्मोकिंगची जागा प्रत्यक्ष बघून या, डेकची एकच बाजू असते बरेचदा, आणि सिगारचे नियम वेगळे असू शकतात तेही विचारा. शेजारच्या बाल्कनीतून धूर आला तर स्वतः भांडायला जाऊ नका, वेळ लिहून ठेवा आणि लगेच गेस्ट सर्व्हिसला फोन करा, वास गेल्यावर सांगून काही उपयोग नाही.

आणि इन्हेलर, गम, पॅच हे सगळं खांद्यावरच्या बॅगेतच ठेवा, कारण मोठ्या बॅगा टर्मिनलवर दिल्या की केबिनच्या दाराशी यायला कधीकधी संध्याकाळ होते.