अपघाताचा दावा: वकीलपत्रावर सही करण्याआधी फीचं बोलून घ्या

रस्त्यावरच्या अपघातानंतर दाजींच्या पायात रॉड बसवला त्याच्या चौथ्या दिवशी ताईने वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्यापुढे कागद धरले. "वकीलसाहेब म्हणाले, आत्ता एक पैसा द्यायचा नाही. भरपाई आली की पंचवीस टक्के." छापील वकीलपत्र, त्याखाली तीन कोरे कागद आणि एक कोरा चेक. चेकवर ना तारीख, ना रक्कम. दाजींची सही तेवढी होती, औषधाच्या गुंगीत केलेली, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं.

मी ते कागद पिशवीत घातले आणि घरी घेऊन आलो. त्यानंतर जे शिकलो ते सांगतो, कारण ही वेळ कुणावरही येते आणि तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं.

सगळ्यात आधी टक्केवारीचं. अमेरिकेत अशा दाव्यांत वकील भरपाईचा हिस्सा घेतात, साधारण एक तृतीयांश, आणि ते तिथे कायदेशीर आहे. आपल्याकडे नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाचे, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, नियम स्पष्ट सांगतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अपघात दाव्यातल्या फीचंच प्रकरण आलं होतं. फीपोटी घेतलेला चेक वटला नाही म्हणून वकिलाने पक्षकारावर खटला भरला होता. न्यायालयाने तो रद्द केला आणि टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याचं सांगितलं. तरीही टक्केवारी सर्रास चालते, कारण जखमी माणसाच्या घरात तेव्हा रोख पैसा नसतो. पण हिशेब करून बघा. आठ लाख मंजूर झाले तर पंचवीस टक्के म्हणजे दोन लाख. भरपाईत पुढची शस्त्रक्रिया, बुडालेला पगार, कायमचं अपंगत्व असं सगळं धरलेलं असतं. दोन लाख जातात ते त्यातूनच.

वकिलाला त्याच्या कष्टाचे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून ठरावीक फी मागा आणि ती टप्प्याने देण्याची सोय करून घ्या: काही दावा दाखल करताना, काही साक्षीपुरावा सुरू झाल्यावर, उरलेली युक्तिवादाच्या वेळी. काही वकील दर तारखेला पैसे घेतात. सुरुवातीला ते हलकं वाटतं, पण अपघाताचे दावे वर्षानुवर्षं चालतात आणि कित्येक तारखांना नुसती पुढची तारीखच मिळते. आम्ही तो मार्ग टाळला.

फी वेगळी आणि खर्च वेगळा, हे ताईला मी दोनदा समजावलं. कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स, एफआयआर आणि पंचनाम्याच्या नकला, अपंगत्वाचा दाखला, साक्षीला येणाऱ्या डॉक्टरांचा भत्ता हा सगळा खर्च. तो फीत धरला आहे की वर द्यायचा, हे आधीच विचारा आणि जे काही ठरेल ते कागदावर घ्या. प्रत्येक रकमेची पावती मागा. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटला. पण पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे.

कोरा कागद आणि कोरा चेक कुणालाही देऊ नका. मंजूर रक्कम दाजींच्याच खात्यात जमा व्हावी, असं आम्ही नव्या वकिलांना पहिल्याच भेटीत सांगितलं. बऱ्याचदा न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट, त्यातला काही भाग मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. खातं, पासबुक, चेकबुक घरातच राहू द्या.

फी परवडतच नसेल तर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय विचारा. १९८७ च्या कायद्याने महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते. लोकअदालतीत तडजोड झाली तर प्रकरण लवकर मिटतं, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आकडा पटल्याशिवाय सही नको.

या सगळ्यात फार दिवस घालवू नका. मोटार वाहन कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

आधीच कुणाला वकीलपत्र देऊन बसला असाल तरी वकील बदलता येतो. फी थकली म्हणून वकिलाला तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आहे. कागद मागताना लेखी मागा आणि पोच घ्या.

आमच्या नव्या वकीलबाईंनी एका पानावर फीचे तीन टप्पे लिहून दिले. ताईने ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "मॅडम, विमा कंपनी हायकोर्टात गेली तर?" त्या म्हणाल्या, "त्याची फी वेगळी," आणि तीही ओळ त्यांनी खाली लिहिली. मग दाजींनी सही केली, या वेळी नीट ओळीवर.