दाण्यातली प्रथिने कशी वेगळी करावीत: पाणी, मीठ, अल्कोहोल आणि अल्कली

तृणधान्याच्या दाण्यातल्या प्रथिनांचा अभ्यास म्हटला की महागडी यंत्रे डोळ्यांपुढे येतात. खरे तर सुरुवातीला पीठ, पाणी आणि तासभर वेळ एवढेच पुरते. इटलीतल्या बोलोन्या शहरात याकोपो बेक्कारी यांनी गव्हाचे पीठ पाण्याखाली धुऊन चिकट गोळा वेगळा केला आणि १७२८ मध्ये तो विद्वानांपुढे मांडला. हा गोळा वनस्पतीतून आलेला, पण सडताना मांसासारखा सडतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ६० मिलिलिटर पाणी घालून घट्ट कणीक मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग ती पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळत राहा. पाणी दुधासारखे पांढरे होईल, तो स्टार्च. पाणी बदलत जा. ते नितळ राहू लागले की हातात रबरासारखा गोळा उरतो. हे ग्लूटेन. ओल्या गोळ्याचे वजन बहुधा २५ ते ३५ ग्रॅम भरते आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग पाणीच असतो. वाळवून पुन्हा तोला. उरलेल्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास प्रथिन असते.

आता हाच प्रयोग तांदूळ, ज्वारी किंवा मक्याच्या पिठावर करून पाहा. गोळा हातातच विस्कटतो. या धान्यांत प्रथिने नसतात असे मुळीच नाही, पण ती गव्हासारखी एकमेकांत गुंतून जाळे विणत नाहीत. म्हणून पुढची पद्धत अशी हवी की जी सगळ्याच धान्यांना लागू पडेल.

ती अमेरिकेतल्या कनेक्टिकट कृषी प्रयोगकेंद्रातले थॉमस बर ऑस्बोर्न यांनी घालून दिली. १९०७ मध्ये त्यांनी गव्हाच्या दाण्यातल्या प्रथिनांवरचे काम प्रसिद्ध केले. कोणते प्रथिन कशात विरघळते, एवढ्याच कसोटीवर त्यांनी गट पाडले. पाण्यात विरघळणारी अल्ब्युमिन, मिठाच्या पाण्यात विरघळणारी ग्लोब्युलिन, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळणारी प्रोलॅमिन, आणि सौम्य आम्ल किंवा अल्कलीतच सुटणारी ग्लूटेलिन. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी ही विभागणी आजही वापरात आहे.

कृती प्रयोगशाळेतच करा. अल्कोहोल पेट घेते आणि सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीने कातडी भाजते, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच. १० ग्रॅम बारीक पीठ १०० मिलिलिटर थंड पाण्यात अर्धा तास ढवळा, सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) फिरवा आणि वरचे पाणी वेगळ्या बाटलीत घ्या. तळाच्या गाळावर लिटरला २९ ग्रॅम मीठ असलेले पाणी घालून तेच करा. मग गाळ साध्या पाण्याने धुवा. मीठ राहिले तर पुढची पायरी बिघडते. त्यानंतर ७० टक्के इथेनॉल, म्हणजे पाणी मिसळलेले अल्कोहोल, आणि शेवटी लिटरला ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण. क्रम उलटापालटा करू नका. अल्कली आधी घातली तर बरेच गट एकदम विरघळतील आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांना अर्थ उरणार नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पिठातच थोडे क्षार असतात, त्यामुळे पहिल्या पाण्यात काही ग्लोब्युलिनही निसटते. म्हणून अनेक प्रयोगशाळा पहिले दोन गट मिठाच्या पाण्यात एकत्र काढतात आणि नंतर डायलिसिसने, म्हणजे मीठ जाऊ देणाऱ्या पण प्रथिन अडवणाऱ्या पातळ पडद्यातून, मीठ घालवतात. मीठ गेले की ग्लोब्युलिन तळाशी बसते. मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते.

अल्कोहोलच्या बाटलीत खरोखर काही उतरले का, हे डोळ्यांनीच पाहता येते. थोडे द्रावण घेऊन त्यात मिठाचे पाणी भरपूर घाला. प्रोलॅमिन असेल तर ते गढूळ होते. मका आणि ज्वारीत प्रोलॅमिनचे रेणू गंधकाच्या बंधांनी जखडलेले असतात, म्हणून तिथे ते बंध सोडवणारे रसायनही लागते.

बाटल्या शेजारी ठेवल्या की प्रत्येक धान्याचा स्वभाव दिसतो. गव्हात प्रोलॅमिन आणि ग्लूटेलिन, म्हणजे ग्लायडिन आणि ग्लूटेनिन, दोन्ही भरपूर. मक्यात झीन आणि ज्वारीत काफिरिन हे प्रोलॅमिन वरचढ. तांदळात बहुतांश ग्लूटेलिन, तर ओटमध्ये ग्लोब्युलिन.

एकूण प्रथिन मोजायला योहान केल्डाल यांची १८८३ ची नायट्रोजन मोजण्याची रीत चालते. फक्त नायट्रोजनच्या आकड्याला ज्याने गुणून प्रथिन काढतात तो गुणक नीट निवडा. सर्रास वापरला जाणारा ६.२५ गव्हाला लावला तर आकडा फुगतो. गव्हाच्या प्रथिनात नायट्रोजन सुमारे साडेसतरा टक्के असतो, म्हणून तिथे ५.७ घ्यायचा, तांदळाला ५.९५.

पण एकूण आकड्यावर समाधान मानू नका. प्रोलॅमिनमध्ये लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फार थोडे असते, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिनमध्ये बरेच जास्त. म्हणजे दोन नमुन्यांत प्रथिन सारखेच असूनही पोषण वेगळे असू शकते. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ओपेक-२ हे जनुक असलेल्या मक्यात झीन घटलेले आणि लायसिन खूप वाढलेले आढळले. दाणे मात्र मऊ निघाले. ते टणक करण्याचे काम मेक्सिकोत सुरिंदर वसल आणि एव्हांजेलिना विलेगास यांनी केले आणि त्यांना २००० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

वाण निवडण्यासाठी अभ्यास करत असाल तर अख्खा दाणा खर्ची घालू नका. गव्हाचा दाणा आडवा कापा. अंकुर नसलेल्या अर्ध्या भागाचा चुरा करून त्यातली प्रथिने एसडीएस जेलवर (विजेच्या साहाय्याने प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) चालवा. ग्लूटेनिनचे मोठे तुकडे वरच्या बाजूला ठळक पट्ट्यांनी दिसतात. अंकुराचा अर्धा भाग कोरड्या पाकिटात ठेवा आणि दोन्ही अर्ध्यांवर एकच क्रमांक लिहा. पट्टी मनासारखी आली तर त्याच क्रमांकाचे पाकीट उघडून तो अर्धा दाणा पेरा.