वणव्याच्या टेहळणी मनोऱ्यात एक रात्र: अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या खानदेशकरांसाठी

फाल्गुन-चैत्रात यावल, रावेर किंवा चोपड्याच्या शिवारातून रात्री सातपुड्याकडे पाहिले, की डोंगराच्या अंगावर वणव्याची लाल रेघ सरकताना दिसते. ती पाहून ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांनी मुलांकडे सिएटल किंवा पोर्टलंडला गेल्यावर वणव्यावर नजर ठेवण्यासाठी डोंगरमाथ्यावर उभारलेल्या एखाद्या जुन्या मनोऱ्यात एक रात्र अवश्य काढावी.

20 आणि 21 ऑगस्ट 1910 या दोन दिवसांत अमेरिकेच्या आयडाहो आणि मोंटाना राज्यांतील सुमारे 30 लाख एकर जंगल जळाले आणि 80 हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर तिथल्या फॉरेस्ट सर्व्हिसने, म्हणजे सरकारी वनखात्याने, आग लहान असतानाच हेरण्याचा ध्यास घेतला, आणि 1933 ते 1942 या काळात बेरोजगार तरुणांसाठी सरकारने चालवलेल्या योजनेतून असे मनोरे मोठ्या संख्येने उभे राहिले. पुढे विमानांनी टेहळणी होऊ लागल्यावर बरेचसे रिकामे पडले. त्यांपैकी काही आता रात्रीच्या मुक्कामासाठी भाड्याने मिळतात.

आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होते. अनेक मनोऱ्यांच्या तारखा सहा महिने आधी खुल्या होतात आणि लगेच भरतात, म्हणून ऑगस्टमधील रात्र हवी असल्यास फेब्रुवारीतच, म्हणजे विमानाचे तिकीट काढण्याच्याही आधी, मुलाला किंवा सुनेला तारखेवर लक्ष ठेवायला सांगावे. मनोरा निवडताना छायाचित्रांवर भुलू नये. ओरेगनमधील फाइव्हमाइल ब्यूट येथे उन्हाळ्यात मोटार जवळपर्यंत जाते, पण पुढे सुमारे 40 फूट उंचीचा जिना आहे; वॉशिंग्टन राज्यातील एव्हरग्रीन माउंटनचा 1935 सालचा मनोरा गाठायला दीड मैलाच्या आसपास खडा चढ चढावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या किती आणि रस्त्यावरील बर्फ केव्हा वितळतो, हे दोन प्रश्न स्थानिक वनकार्यालयाला आधी विचारावेत, कारण उंचावरचे कच्चे रस्ते काही वर्षी जुलैपर्यंत बंद असतात.

खोली बहुधा 14 फूट लांब आणि 14 फूट रुंद असते, चारही बाजूंना काचा आणि बाहेर लाकडी सज्जा. वीज आणि पाणी नसते, असे धरूनच चालावे. माणशी दिवसाला चार लिटर पाणी न्यावे आणि भांडी घासावी लागणार नाहीत असा स्वयंपाक घरूनच करून न्यावा. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि शेव यांनी दोन वेळा निभावतात. उंदीर आणि अस्वले यांच्यामुळे खाण्याचे पदार्थ सज्ज्यावर ठेवू नयेत. ते घट्ट डब्यात बंद करून तिथल्या नियमात सांगितलेल्या जागी ठेवावेत. जुलैतही रात्री चांगलीच थंडी पडते. शेगडी पेटवल्यास खिडकी थोडी उघडी ठेवावी, कारण बंद खोलीत साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

सर्वांत जास्त जपायचे ते आभाळातून पडणाऱ्या विजेला. मनोरा मुद्दामच सर्वांत उंच जागी बांधलेला असतो. त्यामुळे वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारा छपरापासून खाली नेलेल्या असत, आणि पहारेकरी वादळात पायांना काचेचे गट्टू बसवलेल्या स्टुलावर बसत. आपण मात्र तशा धाडसाच्या भरीस पडू नये. हवामानाचा अंदाज वादळाचा असेल तर वर जाऊच नये, आणि आभाळ अचानक भरून आल्यास पहिला गडगडाट ऐकू येण्याआधीच उतरून मोटारीत बसावे.

काही मनोऱ्यांत ऑस्बर्न फायर फाइंडर हे धुराची दिशा मोजण्याचे उपकरण अजून जागेवर आहे. गोल नकाशाभोवती अंशांची कडी आणि तिच्यावर फिरणारी दर्शके, एवढीच त्याची रचना. धूर त्या दर्शकांच्या रेषेत आणला की त्याची दिशा अंशांत मिळते; दुसऱ्या मनोऱ्यानेही अंश कळवले की दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग. हे उपकरण हाताळण्यापूर्वी तशी मुभा आहे का, ते पाहावे.

पहाटे दऱ्यांतून धुक्याचे झुबके वर येतात आणि नवख्याला ते धुरासारखे वाटतात. धुके ऊन चढल्यावर विरते. धूर मात्र एकाच जागेवरून येत राहतो. तसा धूर दिसल्यास दिशा आणि जवळची खूण लिहून घ्यावी आणि 911 या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. वर अनेकदा मोबाइलला रेंज नसते, म्हणून येतानाच शेवटची रेंज कुठे मिळाली ते मोटारीच्या मैलांच्या आकड्यासह टिपून ठेवावे.