मोठ्या माणसांचा वाचनवर्ग कसा चालवावा: घरोघरच्या चौकशीपासून मुलांसोबतच्या पुस्तकापर्यंत

सही जमली की माणूस साक्षर झाला, असं मानून पुष्कळ वर्ग थांबतात. सही हे एक चित्र आहे, ते पाठ करून काढता येतं. खरी पायरी पुढे असते. समोर आलेला नवा कागद स्वतः वाचून कळला पाहिजे, आणि तो अडखळत न वाचता आला पाहिजे. ही सगळी मांडणी त्या पायरीसाठी आहे.

आधी चौकशी, मग उद्घाटन

वर्गाआधी किमान २ आठवडे घरोघरी जा. "तुम्हाला वाचता येतं का?" असं विचारू नका. ज्याला येत नाही तो अनोळखी माणसासमोर ते कबूल करणार नाही, आणि पुढे वर्गातही येणार नाही. त्याऐवजी विचारा: "घरी कागद आला की कोण वाचून दाखवतं?" "औषध किती वेळा घ्यायचं ते कसं लक्षात ठेवता?" "काय वाचता आलं तर अडणार नाही?" मिळालेली उत्तरं आणि त्यातले नेमके शब्द वहीत उतरवा. पहिले धडे याच वहीतून तयार होतील. 'निरक्षर', 'अडाणी', 'अंगठेवाले' हे शब्द फलकावर, हजेरीपटावर किंवा बोलण्यात येऊ देऊ नका.

वेळही त्यांनाच विचारून ठरवा. आठवड्यातून ४ दिवस दीड-दीड तास हा चांगला हिशोब आहे. तेच ६ तास एका दिवशी उरकले तर मधल्या ६ दिवसांत अक्षरं पुसली जातात. लहान मुलांना सांभाळायला शेजारच्या खोलीत एक माणूस हवाच. तो नसेल तर सर्वांत आधी आयांची हजेरी घटते.

१० मिनिटांची पारख

प्रत्येकाला एकेकटं, बाजूला बसवून चार पायऱ्यांचा कागद दाखवा: सुटी अक्षरं, सोपे शब्द, एक वाक्य, चार ओळींचा परिच्छेद. जिथे अडेल तिथे थांबा आणि ती पायरी नोंदवा. लहानपणी दोन-तीन इयत्ता शिकून विसरलेले आणि पाटी कधीच हातात न धरलेले यांना एकत्र बसवू नका. पहिले कंटाळतात, दुसरे खचतात. एका शिकवणाऱ्याकडे ८ ते १० जण पुरेत.

याच वेळी डोळेही तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं. ज्याने कधी वाचलंच नाही त्याला ते जाणवलेलंही नसतं. कागद हात लांब करून धरणारा, अक्षरं "हलतात" म्हणणारा, लवकर डोकं दुखतं सांगणारा माणूस मंद नसतो, त्याला चष्मा लागतो. नेत्रतपासणीची सोय पहिल्याच आठवड्यात करा. सुरुवातीचे कागद २४ पॉइंटच्या अक्षरांत छापा, मग १८, मग १४ वर या. शेवटी नेहमीच्या बारीक छपाईची सवयही करावीच लागते, कारण खरे कागद मोठ्या अक्षरांत येत नाहीत.

अक्षरं शब्दांतून

१९६३ साली ब्राझीलमधल्या आंजिकोस इथे पाउलो फ्रेरी यांनी सुमारे ३०० मजुरांना वाचायला शिकवलं, ते त्यांच्याच जगण्यातले शब्द घेऊन. त्यांच्या पद्धतीत ओळखीच्या शब्दावर आधी बोलणं होई, मग त्याचे तुकडे पाडले जात आणि त्या तुकड्यांतून शिकणारे स्वतः नवे शब्द जुळवत. मराठीला ही रीत चांगली लागू पडते. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत क्रमाने गेलात तर कित्येक दिवस वाचण्याजोगं काहीच हाती लागत नाही.

समजा, चौकशीत 'काम', 'नाव', 'पाणी' हे तीन शब्द आले. त्यात सहा व्यंजनं आहेत, क, म, न, व, प, ण, आणि मात्रा दोनच, काना व दीर्घ वेलांटी. एवढ्यावर कान, नाक, पान, मामी, काकी, कमी, नवीन, पीक हे शब्द होतात. पहिल्या आठवड्याअखेर "पाणी कमी" हे वाक्य शिकणाऱ्याने कुणी न सांगता वाचलं, की तो पुढच्या आठवड्यात येतोच. शब्द जाड कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, त्यांच्यासमोरच कापा आणि तुकडे त्यांच्या हातात द्या. जुळवणं त्यांनी करायचं.

चुका कुठे होतात ते आधीच माहीत असू द्या:

- घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, ब आणि व या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर किमान आठवड्याने दुसरं घ्या.
- 'ख' हा 'र' आणि 'व' असा वाचला जातो. तो सुटा न दाखवता 'खत', 'खण' अशा शब्दात दाखवा.
- ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, बोलायची नंतर. म्हणून 'विमा' वाचताना माणूस अडतो. काना आणि दीर्घ वेलांटी बसल्यावरच ती घ्या, आणि वेलांटीवर बोट ठेवून आधी 'वमा' वाचायला लावा, मग बोट काढा.
- 'र'ची रूपं बरीच आहेत: वर्ष, प्रत, ट्रक, दुसऱ्या. जोडाक्षरं निम्मा अभ्यासक्रम झाल्यावर, एका वेळी एकच रूप.

आकडे

तोंडी हिशोब बहुतेकांना येतो, तुमच्यापेक्षा पक्काही येत असेल. अडचण लिहिण्यात असते. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून माणूस ५२ लिहितो. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. दशकाची घरं आखून द्या आणि ऐकलेली संख्या आधी काड्यांच्या जुड्यांनी मांडायला लावा, मग लिहायला. इंग्रजी आकडेही शिकवावेच लागतात, कारण फोनवर आणि तिकिटावर तेच असतात. मात्र मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, त्यामुळे दोन्ही लिप्या एकाच पानावर आणू नका.

दीड तासाचा तास

पहिली १० मिनिटं कालचं वाचन, मग १५ मिनिटं आजच्या शब्दावर गप्पा. ३० मिनिटं तुकडे पाडणं आणि जुळवणं, २० मिनिटं लिहिणं, शेवटची १५ मिनिटं जोडीने वाचन. वेळ कमी पडला तर गप्पा आटपा, जोडीचं वाचन कापू नका. वेग तिथेच येतो. एकेक अक्षर लावत वाचणाऱ्याच्या डोक्यातून वाक्याच्या शेवटापर्यंत सुरुवात निसटलेली असते, म्हणून वाचून झालं तरी कळत काहीच नाही. मिनिटाला ४५ ते ६० शब्दांच्या आसपास गती आली की अर्थ लागू लागतो. त्यासाठी तोच उतारा तीन-चार वेळा वाचायला लावा. हे पाठांतर होतंय असं वाटलं तर त्याच शब्दांची वाक्यं फिरवून द्या.

शिकवणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे घाई. माणूस अडला की लगेच उत्तर सांगतात. मनात पाचपर्यंत मोजा. तरी आलं नाही तर पहिला ध्वनी तेवढा सांगा. आणि कुणालाही तयारीशिवाय सर्वांसमोर वाचायला उभं करू नका.

घरातली बाजू

आठवड्यातून एकदा अर्धा तास मुलांनाही बोलवा. ज्या आईवडिलांना अजून वाचता येत नाही, त्यांनाही चित्रांचं पुस्तक मुलासोबत पाहता येतं. त्यांना तीनच गोष्टी शिकवा. "हे काय करतंय?" असा मोकळा प्रश्न विचारायचा, उत्तराची वाट पाहायची, आणि मूल जे बोलेल त्यात एक-दोन शब्द घालून ते परत म्हणायचं. मूल म्हणालं "कुत्रा", तर आई म्हणेल "हो, काळा कुत्रा पळतोय". मुलाची भाषा अशा बोलण्याने वाढते आणि आईला पुस्तक हातात धरायची सवय लागते.

घरी न्यायला १० पुस्तकांची एक पिशवी करा आणि दर आठवड्याला पुस्तकं बदला. पुस्तक फाटलं तर दंड घेऊ नका, नाहीतर ते फडताळात जपून ठेवलं जाईल. मुलाला आईचा मास्तर मात्र करू नका. लेकराने चारचौघांत चूक काढली की पुष्कळ जणी वाचन सोडतात. दोघांना एकेक ओळ आळीपाळीने वाचायला द्या.

हजेरी, मोजणी आणि नंतरचं

लागोपाठ दोन दिवस कुणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी घरी जा, जाब विचारायला नाही, चुकलेला धडा द्यायला. दर ६ आठवड्यांनी प्रत्येकाचं एक मिनिटाचं वाचन घ्या आणि बरोबर वाचलेले शब्द त्याच्याच वहीत लिहा. तुलना त्याच्या मागच्या आकड्याशी करा, शेजाऱ्याशी नको. दोन मोजण्यांत आकडा हलला नाही तर आधी चष्मा पाहा, मग हजेरी, मग तुमची शिकवण्याची पद्धत.

आठवड्याला ६ तास धरले तर सहा महिन्यांत सुमारे १५० तास होतात. तेवढ्यात सगळं येईल असं वचन देऊ नका, आणि त्यानंतर वर्ग एकदम बंदही करू नका. गती येण्याआधी सुटलेलं वाचन लवकर विसरतं. आठवड्यातून एक दिवस वाचनाची बैठक पुढे वर्षभर ठेवा. ज्याला घरी आलेला जो कागद कळला नाही, तो त्याने तिथे आणायचा आणि सर्वांनी मिळून वाचायचा. खाजगी मजकूर असेल तर आधी त्याला विचारा, आणि नको म्हणाला तर बाजूला बसून दोघांनीच वाचा.